रहाटाचा दाखला

१८१३ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलोच्या टेकडीवर सत्तर वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांनी एका पत्राला सविस्तर उत्तर लिहिलं. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन. पत्र पाठवलं होतं बाल्टिमोरच्या आयझॅक मॅकफर्सन यांनी, आणि त्यांचा प्रश्न पिठाच्या गिरणीचा होता.

डेलावेअरच्या ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या कारागिराने गिरणीचं रूप पालटून टाकलं होतं. धान्याची पोती खांद्यावर घेऊन जिने चढण्याची गरज त्याने संपवली. पट्ट्याला लावलेल्या लहान डब्यांची माळ धान्य वरच्या मजल्यावर नेई आणि मळसूत्री दांडा ते आडवं सरकवी. १७९० मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याची मुदत संपल्यावर १८०८ मध्ये अमेरिकी संसदेने खास कायदा करून त्याला पुन्हा हक्क दिला. आता गिरणीवाल्यांकडे पैशाची मागणी होत होती आणि गिरणीवाले विचारत होते, हे खरंच याचं एकट्याचं आहे का?

जेफरसन यांनी दाखला दिला तो रहाटाचा. पूर्वेकडच्या देशांत विहिरीचं पाणी वर काढायला माळेत बांधलेली गाडगी शतकानुशतकं फिरत आहेत, मग त्याच माळेने पाण्याऐवजी धान्य चढवलं तर नवं काय घडलं? मळसूत्री दांड्यासाठी त्यांनी आर्किमिडीजच्या स्क्रूकडे बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की हातात असलेलं यंत्र दुसऱ्या कामाला लावणं, एका साहित्याऐवजी दुसरं वापरणं किंवा नुसता आकार बदलणं एवढ्यावर कुणाला मक्तेदारी मिळू नये.

इव्हान्सच्या गिरणीने कष्ट वाचवले यात शंका नव्हती. वाद होता तो निराळ्याच गोष्टीचा. जुन्या वस्तू नव्या जागी, नव्या जोडीने मांडल्या तर त्याला शोध म्हणायचं का? हा प्रश्न पुढची दोनशे वर्षं न्यायालयांच्या दारात येत राहिला. तो फार मोठ्या यंत्रांपुरता राहिला नाही. दाराची मूठ, सिगारेट पेटवायचं साधन, वाणसामानाच्या दुकानातलं टेबल, तळणीची कढई आणि अन्न गरम ठेवायचं कपाट अशा रोजच्या वस्तूंमधून तो पुन्हा पुन्हा वर आला.

या गरम कपाटापाशी थोडं थांबायला हवं, कारण या प्रश्नाचा सगळा पीळ त्यात दिसतो. आपल्याकडे बेकरीच्या काउंटरवर काचेची पेटी असते. आत पिवळा दिवा, त्याखाली पॅटिस. दिव्याची ऊब हीच पेटीची सगळी यंत्रणा. मोठ्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात याच पेटीचं थोरलं भावंड असतं. त्याच्या पत्र्याच्या दुहेरी भिंतीत उष्णतारोधक थर असतो. तापणारी कॉइल, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, गरम हवा फिरवणारा पंखा, अन्न सुकू नये म्हणून पाण्याचा ट्रे, सरकते कप्पे आणि प्रत्येक कप्प्याची वेळ मोजणारा टायमर, एवढं सगळं त्यात असतं. यातला एकही भाग नवा नाही. नवी असलीच तर त्यांची मांडणी.

ही मांडणी मात्र पोरखेळ नाही. अमेरिकेच्या अन्नसंहितेप्रमाणे शिजवून गरम ठेवलेलं अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देता येत नाही, कारण त्याखाली जिवाणू वाढू लागतात. तापमान वाढवावं तर मांसाचा रस आटतो, पाव कडक होतो. ओलावा द्यावा तर तळलेल्या पदार्थाचा कुरकुरीतपणा जातो. एकाच कपाटात कोंबडी, मांसाची वडी आणि पाव ठेवायचे, तर प्रत्येकाला हवा वेगळी लागते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅकडोनाल्डने तयार बर्गर गरम खणात रचून ठेवण्याची जुनी पद्धत सोडली. शिजलेले घटक वेगवेगळे गरम ठेवायचे आणि गिऱ्हाईक आल्यावर बर्गर जोडायचा, अशी नवी रीत आली. तिच्यात गरम कपाट हा स्वयंपाकघराचा कणाच झाला. हजारो दुकानं जिथे एकाच घडणीचं कपाट घेतात तिथे एका कप्प्याच्या रचनेवरही पेटंटाचे दावे उभे राहतात. ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ हे प्रतिवादीचं उत्तरही मग ठरलेलंच.

कुणालाही म्हणजे नेमकं कुणाला? याचं पहिलं उत्तर दाराच्या मुठीने दिलं.

१८४१ मध्ये हॉचकिस आणि त्याच्या दोन सोबत्यांनी माती किंवा चिनी मातीच्या मुठीचं पेटंट घेतलं. मुठीच्या पोटात आत रुंद होत जाणारी खाच ठेवायची, तीत धातूचा दांडा बसवायचा आणि वितळलेला धातू ओतून तो पक्का करायचा. मूठ स्वस्त होती, टिकाऊ होती आणि खपतही होती. ओहायो राज्यातल्या ग्रीनवुडने तशाच मुठी बनवल्या आणि खटला उभा राहिला. साक्षीपुराव्यात निघालं, की अशा खाचेचा दांडा लाकडाच्या आणि धातूच्या मुठींत पूर्वीपासून वापरात होता. मातीच्या मुठीही जुन्याच होत्या. नवी होती ती फक्त जुन्या दांड्याची जुन्या मातीशी पडलेली गाठ.

१८५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट रद्द केलं. न्यायमूर्ती नेल्सन यांच्या निकालाचं सार असं, की या कामाला धंद्यातल्या साधारण कारागिराजवळ असतं त्याहून अधिक कौशल्य लागलेलं नाही, आणि ज्याला अधिक कौशल्य लागलं नाही ते कसबी माणसाचं काम, शोधकाचं नव्हे. न्यायमूर्ती वुडबरी यांनी भिन्नमत नोंदवलं. वस्तू नवी आहे, पूर्वीपेक्षा चांगली आणि स्वस्त आहे, मग आणखी काय हवं, असं ते विचारत होते. त्यांचा प्रश्न आजही दुबळा वाटत नाही. पण इतिहास नेल्सन यांच्या बाजूने गेला. कायद्याच्या पुस्तकात तोवर पेटंटासाठी दोनच अटी होत्या, वस्तू नवी हवी आणि उपयोगी हवी. तिसरी अट अशी मुठीतून जन्मली, आणि तिच्या मोजमापासाठी न्यायालयाने विद्वानाला बोलावलं नाही, कारखान्यातल्या कारागिराला उभं केलं.

पुढच्या नव्वद वर्षांत हे माप ताणलं जाऊ लागलं. १९४१ मध्ये मोटारीतलं सिगारेट पेटवायचं साधन सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. सुटी निघणारी खुंटी खोबणीत दाबायची, कॉइल लाल झाली की थर्मोस्टॅट वीज तोडतो, मग खुंटी काढून घ्यायची. तापणारी कॉइल आणि थर्मोस्टॅट ही आपल्या गरम कपाटातलीच जोडी. न्यायमूर्ती डग्लस यांनी दाखवलं, की सुटी खुंटी आधीची आणि विजेच्या हीटरमधला थर्मोस्टॅटही आधीचा. इथवर निकाल मुठीच्या वाटेनेच चालला होता. पण त्यांनी एक नवी कसोटी घातली: पेटंट हवं तर वस्तूत सर्जक प्रतिभेची चमक दिसली पाहिजे.

या एका शब्दाने शोधकांची झोप उडवली. वर्षानुवर्षं भट्टीपाशी घाम गाळून, शंभर फसलेल्या प्रयोगांनंतर मिळालेल्या उत्तरात चमक कुठून दाखवायची? खालची न्यायालयं पेटंटं भराभर मोडू लागली. १९४९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जॅक्सन एका भिन्नमतात कडवटपणे म्हणाले, की आता या न्यायालयाच्या हाती न लागलेलं पेटंटच तेवढं वैध उरलं आहे.

आणि पुढच्याच वर्षी जॅक्सन यांनाच तसा निकाल लिहावा लागला. वाद होता वाणसामानाच्या दुकानातल्या पैसे घेण्याच्या टेबलाचा. टेबलावर तळ नसलेली तीन बाजूंची चौकट. गिऱ्हाइकाने तिच्यात सामान ठेवायचं, चौकट ओढली की सगळं सामान हिशेब करणाऱ्यापाशी सरकतं, चौकट मागे ढकलली की सामान तिथेच राहतं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पेटंट उचलून धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जुन्या भागांच्या बेरजेतून बेरजेहून अधिक काही निघालं पाहिजे, आणि इथे दोन अधिक दोन चारच होतात, असं जॅक्सन यांनी लिहिलं. जुन्या घटकांपासून घडलेल्या प्रत्येक वस्तूला, म्हणून गरम कपाटालाही, हे वाक्य पुढे कायम आडवं आलं.

अखेर संसदेला मध्ये पडावं लागलं. १९५२ चा पेटंट कायदा घडवण्यात दोघांचा हात मोठा होता: वकील जाइल्स रिच आणि पेटंट कार्यालयातले पी. जे. फेडेरिको. कायद्याच्या १०३ व्या कलमाने ‘प्रतिभेची चमक’ निकाली काढली. त्या विद्येत साधारण कसबी असलेल्या माणसाला ती गोष्ट, शोध लागला त्या काळी, सहज सुचण्यासारखी होती का, एवढाच प्रश्न ठेवला. शोध एका क्षणात सुचला की दहा वर्षांच्या श्रमाने साधला, याने पेटंटाला बाध येणार नाही, हेही त्यात लिहिलं गेलं. कारागीर पुन्हा मापाच्या जागी आला.

हे माप वापरायचं कसं, ते १९६६ च्या फेब्रुवारीत ठरलं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या खडकाळ जमिनीत नांगराच्या दांड्याला बसणारे धक्के सोसणारी पकड हा एका खटल्याचा विषय होता. न्यायमूर्ती क्लार्क यांनी पायऱ्या घालून दिल्या. आधी काय माहीत होतं ते पाहा. नव्या वस्तूत आणि त्यात फरक काय ते पाहा. त्या धंद्यातल्या साधारण माणसाचं कसब किती ते पाहा. मग बाहेरच्या खुणाही विचारात घ्या: वस्तूची गरज किती काळ जाणवत होती, इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते का, बाजारात ती खपली का. नांगराच्या पकडीचं पेटंट टिकलं नाही.

पण त्याच दिवशी दुसरा निकाल लागला आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. ॲडम्स नावाच्या शोधकाने नुसतं पाणी ओतलं की चालू होणारी बॅटरी बनवली होती. तिचे घटक जुने होते. सरकारच्या तज्ज्ञांनी ही चालणारच नाही असं सांगितलं, आणि पुढे सरकारनेच ती वापरली. खटल्यात सरकार म्हणालं, ही तर कुणालाही सुचली असती! न्यायालयाने ते मानलं नाही. काल ज्यांना अशक्य वाटलं, त्यांनी आज सहज म्हणू नये, हा त्या निकालाचा धडा. उत्तर हातात आल्यावर प्रश्न सोपा वाटतो, आणि मागाहून आलेल्या या शहाणपणाने शोधकाचा गळा घोटला जाऊ नये, ही दुसरी बाजू त्या दिवशी कायद्यात भक्कम झाली.

तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, उष्णतेचाच आणखी एक खटला उभा राहिला. डांबरी रस्ता पट्ट्यापट्ट्याने घालताना आधीचा पट्टा थंड होतो आणि सांधा नीट बसत नाही. एकाने डांबर पसरवणाऱ्या यंत्राच्या कडेलाच उष्णता फेकणारा बर्नर बसवला. सोय झाली, पैसाही वाचला. न्यायालयाने विचारलं, बर्नर यंत्रावर बसल्याने असं काय करतो, जे तो वेगळा ठेवल्यावर करत नव्हता? काहीच नाही. पेटंट रद्द. जिथे भाग एकमेकांना काही देत नाहीत, नुसते शेजारी बसतात, तिथे शोध नाही.

असाच प्रश्न आपल्या देशात उभा राहिला तो भांड्यांच्या निमित्ताने.

उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तिथे हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज ही भागीदारी संस्था पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवत असे. भांडं लेथवर धरून कातताना आणि खरवडताना ते लेथच्या फिरत्या टोकावरून, म्हणजे हेडस्टॉकवरून, निसटून उडे. कामगाराच्या जिवाला तो धोकाच. संस्थेच्या एका भागीदाराने भांडं पकडण्याची सुधारित पद्धत बसवली. काम सुरक्षित झालं, वेगाने होऊ लागलं, भांड्याला सफाई आली. १९११ च्या कायद्याखाली संस्थेला पेटंट मिळालं, त्याची तारीख होती १३ डिसेंबर १९५१. त्याच गावातली विश्वनाथ प्रसाद राधेश्याम ही संस्था तीच पद्धत वापरते, असा आरोप झाला आणि खटला सुरू झाला. प्रतिवादीने उलट पेटंटच रद्द करा अशी मागणी केली.

अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं. खंडपीठाने तो निकाल फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायमूर्ती रणजितसिंग सरकारिया यांनी निकाल दिला. लेथच्या दोन टोकांमध्ये वस्तू दाबून धरण्याची युक्ती कित्येक दशकं जुनी होती. तीच भांड्यांसाठी थोड्या फरकाने वापरली होती. हा फरक म्हणजे कारखान्यात रोज होणारी सुधारणा, तिच्यात कल्पक पाऊल, म्हणजे सहज न सुचणारं असं काही, नाही. पेटंट रद्द झालं. निकालाची तारीख होती १३ डिसेंबर १९७८, पेटंटाच्या तारखेपासून मोजून २७ वर्षं. जुन्या कायद्याप्रमाणे पेटंटाची मुदत होती १६ वर्षं. म्हणजे ज्या हक्कासाठी भांडण चाललं होतं, त्याची मुळातली मुदत निकालाच्या ११ वर्षं आधीच भरून गेली होती.

त्या निकालातली कसोटी मात्र टिकली. जुनी माहिती हातात असलेल्या, पण नव्या शोधाची कल्पना नसलेल्या जाणत्या कारागिराला ती अडचण दिली असती, तर ‘हेच मला हवं होतं’ असं तो म्हणाला असता का, हा तिचा गाभा. भारतातल्या पेटंटाच्या वादांत हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. २००२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात कल्पक पावलाची व्याख्या आली आणि २००५ मध्ये ती अधिक कडक झाली.

अमेरिकेत दरम्यान काटा उलट्या बाजूला झुकला होता. पेटंटाच्या अपिलांसाठी १९८२ मध्ये फेडरल सर्किट हे स्वतंत्र न्यायालय स्थापन झालं. दोन जुन्या गोष्टी जोडा असं सुचवणारं काहीतरी आधीच्या माहितीत दाखवता आलं, तरच शोधाला सहज सुचणारा म्हणता येईल, असा नियम तिथे रुजला. मागाहूनच्या शहाणपणाला आवर घालायला तो चांगला होता. पण पुढे तो यांत्रिक झाला, आणि जे लिहून ठेवण्याची कुणाला गरज वाटली नाही, अशा साध्या युक्त्यांवरही हक्क टिकू लागले. ३० एप्रिल २००७ रोजी मोटारीच्या पेडलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा ताठर नियम मोडला. न्यायमूर्ती केनेडी यांनी बजावलं, की साधारण कसबी माणूस हा काही कळसूत्री बाहुला नव्हे, त्याच्याजवळही साधारण कल्पकता असते.

त्यानंतर अनेकांना वाटलं, जुन्या भागांपासून केलेली स्वयंपाकघरातली यंत्रं आता टिकणार नाहीत. तसं झालं नाही. ग्रीनवुडच्याच ओहायोत, ईटन गावी हेनी पेनी ही कंपनी आहे. फ्रायर आणि अन्न गरम ठेवायची कपाटं हा तिचा व्यवसाय. तिने फ्रायमास्टर या स्पर्धक कंपनीच्या पेटंटाला आव्हान दिलं. तळणीचं तेल वापरून वापरून खराब होतं, त्याची खूण विजेच्या संवेदकाने टिपायची आणि संवेदक तेल फिरवणाऱ्या नळीतच बसवायचा, असं ते पेटंट होतं. हेनी पेनी म्हणाली, असा संवेदक आधीपासून माहीत होता, फ्रायरही होता, दोन्ही जोडणं सहज सुचणारं होतं. पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने पुरावा बारकाईने तपासला. तशी जोड द्यायची तर जादा नळ्या, जादा गुंतागुंत, आणि फायदा अनिश्चित. तेव्हाच्या कारागिराने तो खटाटोप केला नसता. या यंत्राची धंद्यात झालेली वाखाणणीही मंडळाने मोजली. १२ सप्टेंबर २०१९ रोजी फेडरल सर्किटने हा निर्णय कायम केला.

मूठ हरली आणि संवेदक जिंकला. मला यात विसंगती दिसत नाही. मुठीत जुने भाग जोडायला कसलीच आडकाठी नव्हती. फ्रायरमध्ये होती, आणि ती पुराव्याने दिसली. इतक्या खटल्यांतून हाती लागतं ते हेच: शोध भागांच्या नवेपणात नसतो, जोडण्याच्या वाटेतली अडचण ओळखून ती पार करण्यात असतो. आणि जिथे अडचणच नव्हती, तिथलं कसब सगळ्यांचं असतं. लेथवर भांडं घट्ट कसं धरावं हे ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, त्यांच्या विद्येवर एकाने कुंपण घालू नये. मिर्झापूरचा निकाल त्या हातांच्या बाजूने लागला, आणि तो योग्य होता.

आपल्याकडे पिंपरीच्या शेडमध्ये, कोल्हापूरच्या फाउंड्रीत, इचलकरंजीच्या मागावर, एखाद्या खानावळीच्या मागच्या खोलीत रोज काही ना काही सुधारलं जातं. त्यातलं बरंचसं कारखान्याचं रोजचं कसब असेल, काही थोडं खरा शोध असेल. तुमच्या हातून असं काही घडलं, तर त्याच दिवशी वहीत तारीख घालून लिहून ठेवा: आधी काय होतं, काय अडत होतं, काय करून पाहिलं, ते का फसलं आणि शेवटी काय साधलं. उद्या कुणी ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ म्हणालं, तर तुमच्या बाजूने पहिली साक्ष ती वहीच देईल.